अकरा ओळींचा तक्ता

राजाभाऊ शिंत्र्यांनी भडंगाचा बकाणा भरला आणि त्याच हातानं माझा तक्ता पुढं ओढला. तेलाची पिवळी बोटं तीन विमा कंपन्यांच्या नावांवर उमटली. त्यांचं तिकडं लक्षही नव्हतं. मला मात्र ते पाहून शिसारी आली. चार दिवस खपून, पट्टी लावून, दोन रंगांच्या पेनांनी मी तो तक्ता तयार केला होता.

"झकास," ते म्हणाले. "एक ओळ तेवढी काढा."

"कुठली?"

"सात नंबरची. पुराची."

मी पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. सांगलीत कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर आमची सोसायटी. तळमजल्यावर तीन घरं आणि वर चार मजल्यांवर चौदा. मी, सोसायटीचा सेक्रेटरी, पहिल्या मजल्यावर, चेअरमन शिंत्रे चौथ्यावर. महापालिकेजवळ त्यांचं सिमेंट-सळीचं दुकान होतं. इमारतीचा विमा उतरवायचा असं कमिटीत ठरलं तेव्हा शिंत्रेच म्हणाले, "तीन कंपन्यांचे दर मागवू. हरदासांना कागद वाचता येतात. ते तुलना करतील."

आणि मी खरोखर वाचलं होतं. बारीक अक्षरातलं, तळटिपांतलं, 'हे वगळून' आणि 'ते सोडून' असं सगळं. आग, वीज, भूकंप, दंगल, पाइप फुटणं अशा बारा ओळी मी पाडल्या आणि प्रत्येक ओळीपुढं तिन्ही कंपन्यांखाली 'आहे' किंवा 'नाही' लिहिलं. सातवी ओळ पुराची. पहिल्या दोन कंपन्यांखाली 'आहे', तिसरीखाली ठळक 'नाही'. तिसरी पॉलिसी आणली होती तोडकर नावाच्या एजंटानं. हा तोडकर शिंत्र्यांचा साडू.

"अहो, पण तिसरी स्वस्त आहे ती पूर वगळला म्हणूनच," मी म्हणालो.

"तेच तर म्हणतोय. स्वस्त आहे. सभेत ती 'नाही' वाचली की खालची तीन घरं बोंब मारणार. मग महागातली घ्यायला लागणार."

"घरामागं वर्षाला दोनशे साठ रुपयांचा फरक आहे, राजाभाऊ."

"दोनशे साठ का असेनात. पाणी कुणाच्या घरात येतंय? खालच्या. गेल्या पुरात माझ्या घरात आलं का? तुमच्या आलं?" त्यांनी करंगळीच्या नखानं दातातला शेंगदाणा काढला, पाहिला आणि परत तोंडात टाकला. "तीन घरांच्या पाण्याचे पैसे चौदा घरांनी का भरायचे? त्यांनी तळमजला घेतला तो स्वस्त मिळाला म्हणून. पुरानंतर घेतलाय सगळ्यांनी. माहीत असून घेतलाय."

मी म्हणालो, "मला हे जमायचं नाही."

"बसा हो. रागावता काय." त्यांनी बायकोला चहा सांगितला आणि विषय बदलला. माझ्या नव्या गाडीचं विचारलं. निवृत्तीच्या पैशातून मी ती घेतली होती आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून उन्हात उभी करायचो. बॉनेटचा रंग उडायला लागला होता. शिंत्र्यांना तेही माहीत होतं. "शेडमधली एक जागा मोकळी होतीय," ते म्हणाले. "नंबर तुमचा नाही, पण ते बघता येईल. सेक्रेटरीची गाडी उन्हात बरी दिसत नाही."

मी चहा न घेताच उठलो. जिना उतरताना मनाशी म्हणालो, काय घाणेरडा माणूस आहे हा. घरी आल्यावर उषाला, माझ्या बायकोला, तेच सांगितलं. ती गवार मोडत होती. म्हणाली, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी? नाही म्हणालो. सरळ."

"बरं केलंत."

त्याच्या पंधरवडाभर आधी अलका मगदूम आमच्याकडं येऊन गेली होती. तळमजल्यावर, अगदी आमच्याखालीच तिचं घर. चाळिशीच्या आतली बाई. नवरा एसटीत कंडक्टर, कायम ड्युटीवर. घरात एक सासू, तीही गुडघ्यांनी अधू. पुढच्या खोलीत पाच शिलाई मशिनं मांडून ती मुलींचे क्लास घ्यायची, फॉल-पिको करायची, लग्नसराईत ब्लाउजांचा ढीग उपसायची. दिवसभर आमच्या फरशीखालून त्या मशिनांची घरघर यायची. उषा म्हणायची, ती थांबली की चुकल्यासारखं होतं.

अलकानं दोन कंपन्यांची माहितीपत्रकं आणली होती. घराचा आणि घरातल्या सामानाचा, दोन्हींचा मिळून विमा.

"काका, हे जरा बघा की. दोन्ही एजंट म्हणतात आमचंच चांगलं. मला इंग्लिश वाचाय येतं, पण कळत नाही. पुराचं आणि मशिनांचं कशात नीट आहे, तेवढं सांगा."

मी चष्मा लावून दोन्ही चाळली आणि म्हणालो, "अलका, जरा थांब. सोसायटीचा विमा ठरतोय. त्यात भिंती, फरशी, दारं, वायरिंग येईल. एकाच भिंतीचे दोनदा पैसे कशाला भरतेस? आमचं ठरलं की ते समोर ठेवून तुझ्यासाठी कुठली बरी, ते मी लिहून देतो."

"लिहून दिलं तर लई बरं हुईल."

"आठवड्याभरात देतो."

हे मी मनापासून बोललो होतो. त्या दिवशी माझ्या पोटात काही नव्हतं. माहितीपत्रकं मी टेबलाच्या खणात ठेवली.

शिंत्र्यांकडून आल्यावर दोन दिवस मी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी शेडमधली जागा खरोखरच मोकळी झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूनं घर सोडलं. त्या दुपारी मी गाडीत बसायला गेलो तर स्टिअरिंगला हात लाववेना, इतकं तापलेलं. पाच मिनिटं दार उघडं टाकून मी शेडच्या सावलीत उभा राहिलो.

संध्याकाळी टेबलाशी बसलो आणि नवा फुलस्केप कागद घेतला. पट्टीनं रेघा मारल्या. सहा ओळी लिहिल्या, सातवी सोडली, आठवी लिहायला घेतली. मग ध्यानात आलं की अनुक्रमांक चुकेल. म्हणून आठवीला सात केलं, नववीला आठ. बाराच्या अकरा ओळी झाल्या. कुठं खाडाखोड नव्हती. जुन्या तक्त्यापेक्षा हा अधिक सुबक उतरला होता.

उषा पाणी ठेवायला आली तेव्हा दोन्ही कागद शेजारी शेजारी होते. तिनं ते पाहिले. ती शिकलेली आहे, तिला मोजता येतं.

"एक कमी आहे," ती म्हणाली.

"सभेत सुटसुटीत लागतं. लोक एवढं वाचत नाहीत."

तिनं तांब्या खाली ठेवला आणि ती आत गेली. मी जुना तक्ता फाडला. फाडलेले तुकडे स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकायला नको वाटले, म्हणून खाली जाऊन कचराकुंडीत टाकले.

सभा रविवारी गच्चीवर झाली. सतरांपैकी तेरा घरांची माणसं आली होती. भडंग, केळी, चहा. तक्त्याच्या झेरॉक्स प्रती मी वाटल्या. शिंत्र्यांनी स्वस्त पॉलिसीची स्तुती केली. कुणी म्हणालं, "आग आहे ना? भूकंप आहे ना? मग झालं." वरच्या मजल्यांवरच्या बहुतेकांना तोडकरच्या पॉलिसीत काय नाही ते ठाऊक होतं. शिंत्र्यांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं असणार. कारण कुणीच पूर हा शब्द काढला नाही. नदीकाठच्या इमारतीत विम्यावर तास-दीड तास बोलणं चाललं आणि पुराचं नाव नाही. मी त्यांच्या तोंडांकडं बघत होतो. केळी सोलत होते, सालं खुर्चीखाली टाकत होते. सगळ्यांना ठाऊक होतं की सगळ्यांना ठाऊक आहे.

अलका शेवटच्या रांगेत बसली होती. ती उभी राहिली. हातात माझा तक्ता होता.

"काका, पुराचं ह्यात दिसंना. आलंय न्हवं?"

तिनं चेअरमनला विचारलं नाही, मला विचारलं. शिंत्रे चहाच्या कपात बघत होते.

मी म्हणालो, "अगं, सगळं बघूनच तक्ता केलाय."

यात खोटं काही नव्हतं. सगळं मी बघितलंच होतं. एकतीस वर्षं सरकारी टिपणं लिहून ही कला मला साधली होती.

"मग बरं झालं," अलका म्हणाली आणि खाली बसली. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. तिनंही हात वर केला.

सोमवारपासून माझी गाडी शेडमध्ये लागायला लागली.

अलकाची माहितीपत्रकं खणातच राहिली. तिला लिहून द्यायचं तर सोसायटीच्या विम्यात पूर नाही हे लिहावं लागलं असतं. एकदा जिन्यात भेटली तेव्हा तिनं विचारलं. मी म्हणालो, "बघतो, जरा गडबडीत आहे." दिवाळीनंतर पुन्हा विचारलं. म्हणालो, "दर बदलणार आहेत म्हणे, थांबू या." त्यानंतर तिनं विचारलं नाही. मला हायसं वाटलं.

पुढच्या वर्षी ऑगस्टात महापूर आला.

खात्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना मी फोन करत होतो. कोयनेतून किती सोडलं, आयर्विन पुलापाशी किती फूट झालं. आकडा ऐकल्यावर मला कळलं की हे गेल्या पुरापेक्षा मोठं आहे. मीच खाली जाऊन तिन्ही घरांना सांगितलं, निघा. एका घरात डॉक्टरांचा दवाखाना होता, त्यांनी कुलूप लावलं. शेजारचे म्हातारे नवरा-बायको मुलाकडं मिरजेला गेले. अलकाचा नवरा साताऱ्याकडं अडकलेला. सासूला कुठं हलवणार? मी म्हणालो, "आमच्याकडं चला. एक मजला तर वर."

खुर्चीत बसवून सासूबाईंना आम्ही वर आणलं. मशिनांपैकी दोनच आणता आली. तिसरं उचलायला गेलो तोवर पाणी उंबऱ्याला लागलं होतं. काळंशार, गटाराचं पाणी. नदीचं नंतर आलं, आधी गटारं उलटली.

नऊ दिवस त्या दोघी आमच्याकडं होत्या. पाणी जिन्याच्या आठव्या पायरीपर्यंत चढलं आणि तिथंच राहिलं. वीज नाही, लिफ्ट बंद, पंप आणि शेडमधली माझी गाडी पाण्याखाली. होडीतून दूध आणि बिस्किटं यायची. पाण्यावरून मेलेलं कुत्रं, फुगलेली गादी, कुणाची तरी पिंपं जात. वास असा की घास घशाखाली उतरेना. खिडक्या लावून घेतल्या तरी यायचा. उषा नाकाला पदर लावून भाकरी थापायची.

चौथ्या की पाचव्या दिवशी जेवताना सासूबाई रडायला लागल्या. घर गेलं, सगळं गेलं, असं म्हणत. अलका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आत्ती, भिंती-दारं तरी विम्यात आहेत. काकांनी सगळं बघून केलंय. मशिनांचा तेवढा राहिला. ते माझंच चुकलं. काकांना परत परत विचारायला लाज वाटली."

उषाच्या हातातला डाव पातेल्यावर आपटला. मी ताटातली आमटी कालवली आणि जेवलो. दोन भाकरी खाल्ल्या. ते आठवलं की आजही मला माझ्या तोंडाची किळस येते.

त्या नऊ दिवसांत मी सांगू शकलो असतो. अलका आणि मी रात्रंदिवस एका घरात होतो. ती माझं अंथरूण घालायची, माझी रक्तदाबाची गोळी आठवणीनं द्यायची. टेबलाचा खण तिच्या झोपायच्या जागेपासून दोन हातांवर होता. ती आंघोळीला गेली की मी तो उघडून बघायचो, पत्रकं दिसत नाहीत ना. एकदा ती वर्तमानपत्राखाली सारली.

पाणी उतरलं आणि आम्ही खाली गेलो. अलकाच्या घराचं दार फुगून बसलं होतं. कोयंड्यात पहार घालून उघडायला लागलं. आत घोट्याएवढा गाळ. भिंतींचा गिलावा पोपडे धरून लोंबत होता. तीन मशिनं आडवी पडलेली, त्यांच्या पाट्या फुटून उलगडलेल्या. ग्राहकांची कापडं एका गठ्ठ्यात कुजली होती. अलकानं तो गठ्ठा उचलला तर हातात गाळाचा लगदा आला आणि आतून एक जरीचा काठ चकाकला. तिनं खराटा घेतला.

शिंत्रे नाकाला रुमाल लावून जिन्यातूनच बघून गेले. "लिफ्टची मोटर गेली," म्हणाले. "मीटरचं बोर्ड गेलं. च्यायला, ह्याचं काही मिळतंय का बघा हो विम्यातून." चौथ्या मजल्यावर आता त्यांना रोज चढून जावं लागणार होतं.

आठेक दिवसांनी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, अलका वर आली. हातात सोसायटीच्या पॉलिसीची झेरॉक्स होती. चेअरमनकडून आणली म्हणाली. नखांच्या कडांत अजून गाळ होता.

"काका, एवढं वाचून दाखवा. पुराचं कुठं लिहिलंय ते. अर्जात कलम घालाय लागतं म्हणे."

उषा आत होती. मी चष्मा पुसला. कागद घेतला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्या पानाच्या मध्यावर, मला पाठ झालेल्या ठिकाणी, ती ओळ होती. वादळ, पूर आणि पाणी भरणं या जोखमी या पॉलिसीतून वगळल्या आहेत. इंग्रजीत, सरळ, एका ओळीत. माझं बोट त्या ओळीवरून पुढं गेलं.

"कसं आहे अलका," मी म्हणालो, "हे असं थेट नाव घेऊन लिहिलेलं नसतं. नैसर्गिक आपत्तीत धरतात. आपण अर्ज तर देऊ."

"मिळेल का?"

"सांगता येत नाही. ह्या कंपन्या एक नंबरच्या नालायक. पैसे घेताना गोड बोलतात आणि द्यायच्या वेळी फाटे फोडतात. नाकारलं तर आपण भांडू."

"तिसऱ्या पानावर काय लिहिलंय?"

"ते नेहमीचंच. अटी-बिटी."

तिनं माझ्या हातातून कागद घेतला, तिसरं पान वर काढलं आणि माझ्यापुढं धरलं. त्या ओळीखालची जागा जरा घासल्यासारखी, मळकट दिसत होती.

"काल मी विश्रामबागेतल्या त्यांच्या ऑफिसात गेले होते," ती म्हणाली. "तिथल्या मॅडमनी हीच ओळ दाखवली. पेन्सिलीनं खूण करून दिली. मराठीत समजावून सांगितलं. म्हणाल्या, तुमच्याच सोसायटीनं पूर नको म्हणून लिहून दिलंय, आमच्याकडं दुसरी पॉलिसी होती. ती खूण मी आज खोडरबरानं पुसली. मला बघायचं होतं, तुमचं बोट कुठं थांबतंय."

तिचा आवाज चढला नव्हता. मी पुढं काहीतरी बोललो. शिंत्र्यांचं नाव घेतलं, त्यांनीच सांगितलं म्हणालो, बहुमत होतं म्हणालो. बोलताना माझ्याच कानांना ते गटाराच्या बुडबुडण्यासारखं ऐकू येत होतं, पण थांबत नव्हतं.

उषा आतून बाहेर आली. टेबलाचा खण ओढला, वर्तमानपत्र बाजूला केलं आणि ती दोन माहितीपत्रकं अलकाच्या हातात दिली. मला वाटत होतं ती कुठं आहेत हे कुणाला ठाऊक नाही.

अलकानं ती उलटून बघितली. एकावर तिनंच शाईनं लिहिलं होतं, 'मशिनं पाच'.

"पाणी काय, नदीचं आहे," ती म्हणाली. "ते येणारच. शिंत्रे शिंत्र्यांसारखे वागले. त्यांच्याकडून मी काही धरलं नव्हतं. तुम्ही नुसते खाली आला असता, काका. अठरा पायऱ्या आहेत. दारातून नुसतं म्हणाला असता, अलका, सोसायटीच्या विम्यात पूर नाही, तुझा तू काढ. कुणाला कळलं नसतं. तुमची गाडीसुद्धा सावलीत राहिली असती."

गाडीचं तिला केव्हापासून ठाऊक होतं कोण जाणे.

ती खाली गेली. उषानं त्या दिवशी माझ्यासाठी पान वाढलं आणि स्वतः जेवली नाही. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. पुढं तीन-चार महिने ती माझ्या हातून काही घ्यायची नाही. मी पाण्याचा पेला पुढं केला की म्हणायची, ठेवा तिथं.

अलकाचं घर तिच्या भावांनी कवठ्याहून येऊन उभं केलं. गिलावा काढला, दारं बसवली. दोन मशिनांवर तिनं क्लास चालू केला. गाळातल्या तिन्हींपैकी एक दुरुस्त झालं, दोन भंगारात गेली. मी मदत म्हणून काही देऊ केलं, तर तिच्या नवऱ्यानं दारातूनच "नको, चाललंय आमचं" म्हणून परत पाठवलं.

मार्चात सभा भरली. लिफ्टच्या मोटरीचा आणि मीटर-बोर्डांचा भुर्दंड सतरा घरांत वाटला गेला होता, त्यामुळं ह्या वेळी सगळ्यांच्या तोंडी पूरच होता. पूर घालूनच विमा घ्यायचा, यात दुमत नव्हतं. ज्यांनी गेल्या सभेत केळी सोलली होती, तेच आता विचारत होते की असला आंधळा विमा घेतलाच कसा. शिंत्रे म्हणाले, "झालं ते झालं. तीन दर आलेत. हरदासांनी परत तक्ता करावा."

मी उठून म्हणालो की मला माफ करा, मला ते काम नको, आणि सेक्रेटरीपदही नको. हवं तर कारणही सांगतो.

"कारण नको," मागून अलका म्हणाली. "काम त्यांनाच द्या. कागद त्यांनाच वाचता येतात. फक्त त्यांच्या घरी नको. माझ्या घरी बसून करायचा. मी ऐकणार."

शिंत्रे हसले. कुणी म्हणालं, हरकत नाही. ठराव झाला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी तीन पॉलिसींचे मसुदे घेऊन अठरा पायऱ्या उतरलो. नवीन रंगाखालून भिंतीवर छातीएवढ्या उंचीची पाण्याची रेघ पुसट दिसत होती. अलका मशिनवर होती. दोन मुली काज-बटणं करत बसल्या होत्या, कोपऱ्यात सासूबाई जप करत होत्या. तिनं मला खुर्ची दाखवली.

"मोठ्यानं वाचा," ती म्हणाली. "आधी इंग्लिश, मग मराठीत. एक ओळ सोडायची नाही."

मी वाचायला लागलो. एकेक ओळ इंग्रजीत, मग मराठीत. तिचं मशिन मध्येच घरघरायचं, मध्येच थांबायचं. थांबलं की ती काहीतरी विचारायची. 'पाणी भरणं' म्हणजे गटाराचं पाणीसुद्धा का? तळघर म्हणजे तळमजला नव्हे ना? फार नेमके प्रश्न. असं तीन दिवस चाललं. तिनं मला काका म्हटलं नाही, दुसरंही काही म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या मसुद्यात, अपवादांच्या पानावर, एक कलम आलं. विमा घेणाऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट त्यानं लपवली, तर करार मुळातच रद्द समजला जाईल. इंग्रजीतून वाचताना काही वाटलं नाही. मराठीत सांगायला लागलो आणि 'लपवली'पाशी थांबलो. मुली माझ्याकडं बघायला लागल्या. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बोट त्याच शब्दावर होतं.

अलकानं मान वर केली नाही. सुईत दोरा ओवला, टोक दातानं तोडलं आणि कापड मशिनखाली सरकवलं.

"पुढं," ती म्हणाली.